चुळबुळीची तारीख : तान्ह्या बाळाच्या हालचालींवरून मेंदूच्या पक्षाघाताची पूर्वसूचना
(अभ्यासलेख)

१. विषयप्रवेश

नवजात अर्भक विभागातून बाळ घरी जाते, तो दिवस कुटुंबाच्या आनंदाचा असतो. श्वास सुरळीत झालेला असतो, कावीळ उतरलेली असते, वजन वाढू लागलेले असते. रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘बरे होऊन घरी’ असा शेरा पडतो आणि तो योग्यही असतो. परंतु जे बाळ जन्मतः रडले नाही, जे दिवस भरण्यापूर्वीच जन्मले, ज्याची कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत चढली किंवा ज्याला पहिल्याच महिन्यात मेंदूज्वर झाला, त्या बाळाच्या मेंदूस कायमची इजा झाली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी हाती आलेले नसते.

आपल्याकडे हे उत्तर बहुधा फार उशिरा मिळते. बाळ आठव्या-नवव्या महिन्यात बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी उभे राहत नाही, तेव्हा घरच्यांना शंका येते. ‘मुलगे जरा उशिराच चालतात’, ‘याचे वडीलही उशिरा चालले होते’ अशा समजुतीत आणखी काही महिने जातात. निदान होईपर्यंत मूल दोन वर्षांचे झालेले असते आणि मेंदूच्या वाढीचा सर्वांत वेगवान काळ हातचा गेलेला असतो.

हे उत्तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बऱ्याच खात्रीने देऊ शकणारी एक पद्धत उपलब्ध आहे. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही, मोठे यंत्रही लागत नाही. लागते ती तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत, ती पाहणारी प्रशिक्षित दृष्टी आणि योग्य तारीख. यांपैकी तारीख सांभाळणे हेच अमरावती-अकोला भागात सर्वांत अवघड आहे. प्रस्तुत लेखात ही पद्धत आणि ही अडचण या दोहोंचा विचार केला आहे.

२. मेंदूचा पक्षाघात म्हणजे काय ?

‘सेरेब्रल पाल्सी’ अर्थात मेंदूचा पक्षाघात ही वाढत्या मेंदूस गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे उद्भवणारी अवस्था होय. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी अवघड प्रसूती व मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध १८६२ मध्ये सविस्तर मांडला. इजा पुढे वाढत जात नाही. परंतु शरीर वाढते तसे तिचे परिणाम बदलत जातात. कोणाचे दोन्ही पाय ताठ राहतात, कोणाची एक बाजू दुबळी राहते, कोणाच्या हातापायांत नको असलेल्या हालचाली होत राहतात. सोबत दृष्टी, श्रवण, गिळणे, बोलणे यांतील अडचणी किंवा आकडी असू शकते. बुद्धी मात्र अनेक मुलांची उत्तम असते, हे आवर्जून नमूद करावयास हवे.

भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात दर हजार मुलांमागे सुमारे तिघांना हा विकार आढळतो. नवजात अर्भक विभागात उपचार घेतलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण साहजिकच अधिक असते. म्हणून या लेखातील विवेचन मुख्यतः अशा जोखमीच्या बाळांना लागू आहे.

३. ‘किती’ हलते, यापेक्षा ‘कसे’ हलते

व्हिएन्ना येथे जन्मलेले व हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात दीर्घकाळ कार्य केलेले डॉ. हाइन्झ प्रेश्टल (१९२७–२०१४) हे या पद्धतीचे जनक होत. सोनोग्राफीच्या साह्याने गर्भातील हालचाली प्रत्यक्ष पाहता येऊ लागल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. गर्भ नऊ-दहा आठवड्यांचा असतानाच संपूर्ण शरीराच्या हालचाली सुरू होतात आणि जन्मानंतरही त्या काही महिने तशाच चालू राहतात. कोणी हाक मारली, खुळखुळा वाजवला किंवा स्पर्श केला म्हणून त्या होत नाहीत. त्या आपोआप होतात. त्यांना आपण ‘सर्वांगीण हालचाली’ म्हणू.

या हालचालींचा मूळ ठोका मज्जारज्जू व मेंदूचा खालचा भाग देतो. वरचा मेंदू त्यात विविधता भरतो. निरोगी बाळाची एक हालचाल दुसरीसारखी नसते. वेग, जोर, दिशा आणि क्रम सतत बदलत असतात. मेंदूस इजा झाली, तर हालचाली थांबतातच असे नाही. त्यांच्यातील विविधता मात्र लोपते. म्हणूनच ‘आमचे बाळ हातपाय भरपूर हलवते’ एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

वयानुसार या हालचालींचे दोन टप्पे आहेत.

पहिला टप्पा आळोखेपिळोख्यांचा. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मापासून साधारणतः दोन महिन्यांपर्यंत हातपाय व धड यांच्या संथ, पीळ घेतल्यासारख्या हालचाली दिसतात. त्या एकसुरी झाल्या, तर बाळावर लक्ष ठेवावे लागते. मात्र यांतील बरीच बाळे पुढे सुधारतात. सर्व अवयव एकाच वेळी आखडतात व एकाच वेळी सैल पडतात, त्यांत नागमोडी ओघ उरत नाही, असे चित्र आठवडेच्या आठवडे कायम राहिले तर ती गंभीर सूचना समजावी.

दुसरा टप्पा चुळबुळीचा. दुरुस्त वयाच्या नवव्या ते विसाव्या आठवड्यांच्या दरम्यान जागे व समाधानी असलेले बाळ सारखी बारीक चुळबुळ करीत असते. मान, खांदे, मनगटे, कंबर, घोटे यांत लहान आवाक्याच्या, मध्यम गतीच्या, सर्व दिशांना वळणाऱ्या हालचाली अखंड खेळत राहतात. ही चुळबुळ असणे हे मेंदूच्या सुस्थितीचे फार चांगले लक्षण आहे. ती मुळीच नसणे ही धोक्याची ठळक खूण आहे. विसाव्या आठवड्यानंतर हेतुपूर्वक हालचाली वाढतात व चुळबुळ आपोआप मावळते. मग ती ‘होती की नव्हती’ हे सांगता येत नाही.

४. पुरावा काय सांगतो ?

डॉ. प्रेश्टल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७० बाळांत चुळबुळ प्राकृत होती; त्यांपैकी ६७ बाळांचा पुढील विकास निर्दोष झाला. ६० बाळांत चुळबुळ नव्हती किंवा ती विकृत स्वरूपाची होती. त्यांपैकी ५७ बाळांत पुढे दोष आढळले. त्यांत ४९ जणांना मेंदूचा पक्षाघात होता, तर ८ जणांत विकासातील विलंब किंवा किरकोळ दोष होते. त्याच बाळांच्या मेंदूच्या सोनोग्राफीपेक्षा हे निरीक्षण अधिक अचूक ठरले.

पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्रितपणे शिफारशी प्रसिद्ध केल्या. दुरुस्त वय पाच महिन्यांच्या आत असलेल्या जोखमीच्या बाळांसाठी त्यांनी तीन साधने पुढे ठेवली : सर्वांगीण हालचालींचे निरीक्षण, मेंदूचा एमआरआय आणि ‘हॅमरस्मिथ’ तपासणी. ही शेवटची तपासणी २६ मुद्द्यांची व ७८ गुणांची असून डॉक्टर ती तपासणीच्या टेबलावर थोड्या मिनिटांत करू शकतात. निश्चित निदान होत नसेल, तर ‘पक्षाघाताचा मोठा धोका’ अशी नोंद करून उपचार त्वरित सुरू करावेत, असेही या तज्ज्ञांनी सुचविले.

५. चित्रफीत कशी घ्यावी ?

बाळ जागे व शांत असावे. भुकेने रडत असलेल्या, झोपेला आलेल्या किंवा चिडलेल्या बाळाची चित्रफीत निरुपयोगी ठरते. त्याला साध्या चटईवर किंवा गादीवर उताणे निजवावे. दुपट्यात गुंडाळू नये, पाळण्यात ठेवू नये. अंगावर झबले असले तरी हातपाय मोकळे असावेत. चोखणी, खुळखुळा व वाजणारे वाळे दूर ठेवावेत. आईने जवळ थांबावे. परंतु बाळाशी बोलू नये, त्याला हसवू नये. मोबाईल पायथ्याच्या बाजूने उंच व स्थिर धरावा, म्हणजे चेहऱ्यासह संपूर्ण बाळ सतत चौकटीत दिसते. तीन ते पाच मिनिटे पुरतात.

ही चित्रफीत बाळाचा वैद्यकीय कागद आहे. पालकांची संमती घेऊनच ती काढावी व तपासणाऱ्या तज्ज्ञांकडेच पाठवावी. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ती फिरू नये.

चित्रफीत घेणे कोणालाही जमते. तिचे मूल्यमापन मात्र प्रशिक्षितांनीच करावयाचे असते. पाहणारा एकेका अवयवाच्या हालचाली मोजत नाही, तर संपूर्ण हालचालीचा ठसा मनाशी घेतो. ही दृष्टी प्रशिक्षणाने व सरावाने येते. दोघांनी स्वतंत्रपणे पाहून मते जुळवणे हे अधिक सुरक्षित होय.

६. वऱ्हाडातील अडचण : माहेर, सासर आणि निसटणारा काळ

अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय लोक आजही ‘डफरीन’ म्हणूनच ओळखतात; अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ म्हणून. अशा रुग्णालयांच्या दारात दर्यापूर, अचलपूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर येथील माता येतात, तशाच धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू माताही येतात. धारणी ते अमरावती हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असून वाट मेळघाटच्या घाटांतून जाते. बाळ बरे होऊन परत गेले, की केवळ ‘पाहण्यासाठी’ पुन्हा येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडविणे.

दुसरे कारण आपल्या रूढीत आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. सव्वा महिना किंवा तीन महिने माहेरपण झाले, की लेक बाळासह सासरी जाते. चुळबुळ पाहण्याचा काळ नेमका या स्थलांतराच्या सुमारास येतो. माहेरच्या गावची आशा सेविका बाळाला ओळखते, पण बाळ आता तेथे नसते. सासरच्या गावच्या सेविकेला बाळाच्या जन्माचा इतिहास माहीत नसतो. रुग्णालयाच्या कागदावर दूरध्वनी क्रमांक आजोबांचा असतो. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांबाबत तर एवढाही धागा राहत नाही.

तिसरे कारण शासकीय भेटींच्या वेळापत्रकात आहे. घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची कल्पना विदर्भाच्याच मातीतली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटविले. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. आशा सेविका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेटते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतील भेटींची त्यात भर पडली. बेचाळिसावा दिवस चुळबुळीसाठी फार लवकरचा आहे आणि सहावा महिना फार उशिराचा. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी मधली एकच भेट उपयोगी पडते, ती तिसऱ्या महिन्याची.

शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जमीन पेरणीजोगी होते ती थोड्याच दिवसांसाठी. तो वाफसा चुकला, तर बी उत्तम असूनही उपयोग होत नाही. या तपासणीचेही तसेच आहे.

७. कार्डावर लिहावयाची एक तारीख

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मदिनापासून मोजले, तर चुळबुळीचा काळ चुकतो. त्याचे ‘दुरुस्त वय’ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावयाचे असते. ही तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते. म्हणून सर्वांना समजेल असा एकच नियम सांगता येतो : प्रसूतीची अपेक्षित तारीख अधिक ८४ दिवस. बाळ केव्हाही जन्मलेले असो, त्या सुमारास त्याचे दुरुस्त वय बारा आठवड्यांचे असते.

उदाहरणार्थ, अपेक्षित तारीख १ जानेवारी असेल, तर चित्रफितीची तारीख २६ मार्च येते. अलीकडे ५ मार्च व पलीकडे २१ मे या तिच्या सीमा होत (लीप वर्षात या तारखा एका दिवसाने अलीकडे येतील). हेच बाळ आठ आठवडे आधी, म्हणजे ६ नोव्हेंबरला जन्मले असेल, तरीही तारीख २६ मार्चच राहते.

येथे लसीकरणाचा विचार उपयुक्त ठरतो. बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लसी दिल्या जातात. पूर्ण दिवसांच्या, परंतु जन्मतः न रडलेल्या बाळासाठी चौदाव्या आठवड्याचा लसीचा दिवस चित्रफितीस उत्तम आहे; फक्त ती सुईच्या आधी घ्यावी, कारण सुईनंतर बाळ रडणारच. लस मात्र जन्माच्या वयानुसार दिली जाते. वरील उदाहरणातील बाळाला चौदाव्या आठवड्याची लस १२ फेब्रुवारीस मिळेल आणि तेव्हा त्याचे दुरुस्त वय अवघे सहा आठवडे असेल. त्या दिवशी चुळबुळ दिसली नाही, तर त्यातून काहीच अर्थ काढता येणार नाही. अशा बाळासाठी वेगळी तारीख देणे अनिवार्य आहे.

म्हणून जोखमीच्या प्रत्येक बाळाच्या घरी जाण्याच्या कागदावर ही तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली जावी. सोबत माहेर व सासर या दोन्ही ठिकाणचे दूरध्वनी क्रमांक आणि दोन्ही गावांतील आशा सेविकांची नावे नोंदवावीत. तारखेच्या आदल्या आठवड्यात रुग्णालयातून फोन जावा. येणे शक्य नसेल, तर सेविकेने किंवा आईने घरीच चित्रफीत घ्यावी. गावात रेंज नसली तरी मोबाईलमध्ये ती जपून ठेवता येते व बाजाराच्या दिवशी पाठविता येते.

चिकाटीने पाठपुरावा केला तर तो साधतो, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. पश्चिम बंगालमध्ये गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साह्याने जोखमीची बाळे लवकर ओळखून पालकांमार्फत उपचार करण्याच्या प्रकल्पाचा आराखडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही या हालचालींच्या निरीक्षणाचा समावेश आहे.

८. चुळबुळ नसेल, तर पुढे काय ?

पालकांना हे कळविणे हे या कामातील सर्वांत कठीण कर्तव्य होय. ते फोनवर उरकू नये. आई-वडील दोघांना, शक्य तर आजीलाही, समोर बसवून सांगावे. धोका मोठा आहे, परंतु हा अंतिम निकाल नव्हे. १९९७ च्या अभ्यासातही ६० पैकी ३ बाळे पुढे निर्दोष निघाली. विकार किती तीव्र असेल, मूल चालेल किंवा नाही, हेही केवळ या निरीक्षणावरून सांगता येत नाही. उलट, चुळबुळ प्राकृत असली तरी बोलणे, ऐकणे व शिकणे यांतील अडचणी पुढे येणारच नाहीत अशी हमी नाही. जोखमीच्या बाळाची नियमित तपासणी चालूच ठेवावी.

उपचार मात्र निश्चित निदानाची वाट न पाहता सुरू करावेत. बाळाने स्वतः होऊन हालचाल करणे हा त्यांचा गाभा आहे. हात पोहोचेल अशा अंतरावर वस्तू ठेवणे, आईने समोर तोंड करून बोलणे, जागेपणी थोडा वेळ पालथे निजविणे, एक हात कमी वापरला जात असल्यास त्या हाताला काम देणे, या गोष्टी फिजिओथेरपिस्ट शिकवितो आणि घर त्या दिवसभर करते. तेलाच्या मालिशीने बाळ सुखावते. परंतु मालिश हा व्यायाम नव्हे, कारण तीत बाळ स्वतः काही करीत नाही. दृष्टी व श्रवण यांची तपासणी याच काळात व्हावी. पक्षाघात झालेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. तो क्ष-किरण तपासणीने वेळेवर ओळखला, तर मोठी वेदना टळते.

‘खात्रीशीर इलाज’ म्हणून मूलपेशींच्या इंजेक्शनांसाठी काही कुटुंबे शेत विकावयास निघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या विकारासाठी मूलपेशींचा उपचार मान्य नाही. हा खर्च करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

शासनाचा आधारही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथेच झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व जिल्हा पातळीवरील शीघ्र उपचार केंद्रांची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची सोय आहे.

९. समारोप व आवाहन

रुग्णालयास देणगी देताना दात्यांच्या मनात यंत्र येते. त्यावर नामफलक लागतो व ते पाहुण्यांना दाखविता येते. या कामास लागणारी सामग्री फार थोडी आहे : एक गादी, एक कॅमेरा, तो उंच धरणारी घोडी आणि शांत खोली. खरी गरज आहे ती दोन-तीन डॉक्टर व थेरपिस्ट यांच्या प्रशिक्षणाची, दिलेल्या तारखांचा पाठपुरावा करणाऱ्या एका सेविकेच्या वेतनाची आणि मेळघाटातून बाळ घेऊन येणाऱ्या मातेच्या प्रवासखर्चाची. या खर्चावर फलक लावता येणार नाही. परंतु नवजात विभागातील यंत्रांनी वाचविलेल्या जीवाचे पुढे काय झाले, याचे उत्तर त्यातूनच मिळणार आहे. विश्वस्तांनी अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र शीर्षक ठेवावे, अशी नम्र सूचना आहे.

पालकांस विनंती एवढीच की, आपले बाळ नवजात विभागात राहिले असेल, तर घरी जाण्याच्या कागदावर ही तारीख आहे काय ते पाहावे. नसेल, तर माता-बाल संरक्षण कार्डावरील अपेक्षित तारखेत ८४ दिवस मिळवून ती स्वतः लिहून घ्यावी, आणि त्या दिवशी बाळ माहेरी असो वा सासरी, आम्हांस कळवावे.

— बालरोग व विकासोपचार विभाग